हुरड्याचं आवतन

ज्वारी हुरड्यात आली की शनिवारी संध्याकाळी चपला काढता काढता माझा नवरा म्हणायचा, "उद्या शेतात." बस, दोनच शब्द. मग मी लसूण सोलायला बसायचे आणि तो अंगणात मोटारसायकल पुसत बसायचा. परभणीत राहूनही थंडीचे दीड-दोन महिने आमचा रविवार कधी परभणीत गेला नाही. शेजारीण विचारायची, "काय हो बाई, दर रविवारी कुठं पळायलाव?" मी म्हणायचे, "जेवायला!" आणि ते काही खोटं नव्हतं.

शेत चुडाव्याकडं. रेल्वेनं गेलं तर टेशनावर उतरून पायी अर्धा तास. नवरा पाटबंधारे खात्यात, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत, त्यामुळं जमीन सगळी धाकटा दीरच कसतो. वर्षाची ज्वारी, तूर, हरभरा तो आणून टाकायचा आणि चहा पिऊन जायचा. शेतात आखाडा आहे, म्हणजे गुरं बांधायला आणि अवजारं ठेवायला केलेलं पत्र्याचं घर. पुढं लिंबाचं झाड, बाजूला पाण्याचा हौद. आमची सहल म्हणजे तिथंवर. महाबळेश्वर मी अजून पाहिलेलं नाही आणि त्याचं मला दुःखही नाही.

लग्नानंतरच्या पहिल्याच थंडीत मोटारसायकलवर मागं बसल्या बसल्या मी नवऱ्याला विचारलं होतं, "पण त्यांनी आपल्याला बोलावलंय का?" माझं माहेर गंगाखेडचं. वडील असे मानी, की सख्ख्या भावाच्या दारातसुद्धा आवतन आल्याशिवाय पाय ठेवायचे नाहीत. मीही त्यांचीच लेक. नवरा एवढा हसला, की गाडी बाजूला घ्यावी लागली. "अगं येडे, आवतन पाहुण्याला असतंय. घरच्याला कोण आवतन देतंय? उद्या भाऊ मला म्हणला ना, दादा हुरड्याला या, तर मी त्याच्या कानाखाली वाजवीन." मला तेव्हा ते अडाणीपणाचं वाटलं होतं, खरं सांगते.

पाहुणे मात्र यायचे आणि त्यांना रीतसर आवतन जायचं. नवऱ्याचे तीन मित्र, बायकापोरांसकट. दीर प्रत्येकाला स्वतः फोन करायचा. त्यांच्यासाठी लिंबाखाली सतरंजी. पाहुण्यानं फक्त खायचं, ही आमच्याकडची रीत. गोवऱ्या पेटवून निखारे केले की त्या आगटीत दीर कणसं खुपसायचा. भाजलेलं कणीस चटका सोसत मी आणि जाऊ तळहातावर चोळायचो, फुंकर मारून कोंडा उडवायचो आणि हिरवागार हुरडा पाहुण्यांच्या पुढ्यात ओतायचो. एकदा एका मित्राच्या बायकोनं हौसेनं कणीस उचललं, तर जाऊ धावलीच तिच्या अंगावर. "ओ ताई, ठिवा ते खाली! आमची लाज काढायलाव का?" ती बिचारी दचकून पुन्हा सतरंजीवर जाऊन बसली.

हुरड्याबरोबर गूळ, घट्ट दही, जवसाची चटणी आणि माझी लसूण-शेंगदाण्याची. तिच्याबद्दल नवरा सगळ्यांना सांगायचा, "सांभाळून खावा, ही चटणी न्हाई, मास्तरीणबाईची शिक्षा हाय." मग दुपारी धपाटे, निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचं भरीत, वर पोरांना बोरं आणि हरभऱ्याचे डहाळे. पाहुणे उठले, झाडाखाली पेंगायला लागले, की मग आम्ही घरचे आगटीभोवती बसायचो. आमच्या वाट्याला उरलंसुरलं, अर्धं करपलेलं. पण त्या तासाभरासाठीच मी जात होते. दोघं भाऊ एकमेकांची लहानपणीची लफडी बाहेर काढायचे, जाऊ हसून हसून तोंडावर पदर घ्यायची. माझे हात कोपरापर्यंत काळे, आणि घरी जायची घाई कुणालाच नाही.

अडीच वर्षांमागं श्रावणात नवरा गेला. ऑफिसातून आला, पाणी मागितलं. मी पेला भरून आणेपर्यंत सगळं संपलं होतं. याच्याहून जास्त मला त्याबद्दल लिहायचं नाही.

त्या थंडीत हुरड्याचा विषयच निघाला नाही. वर्ष व्हायचं होतं. दीर-जाऊ पंधरा दिवसाला यायचे, बसायचे. सातबाऱ्यावर माझं नाव लावायला दीरच तलाठ्याकडं खेटे घालत होता, मी एकदाही म्हटलं नव्हतं. तेव्हा शेतावरून काही बिनसलं असेल असं कुणाच्या मनात आलं असेल, तर काढून टाका. भांडण झालंच नाही. झालं असतं तर बरं झालं असतं, भांडणाला निदान तोंड तरी असतं.

दुसरी थंडी आली. पौष लागला. शनिवारी संध्याकाळी मी घरातलं आवरून ओट्यावर टेकले आणि वाटलं, आता ज्वारी हुरड्यात आली असणार. आणि पहिल्यांदाच प्रश्न पडला, मी जायचं कसं? गाडीचं म्हणत नाही, गाड्या रोज जातात. मी जायचं ते कुणाच्या नात्यानं? ज्याच्या मागं बसून जायचे तो त्या घरचा होता. मी त्याची बायको म्हणून घरची. आता तो नाही, पोरगी लग्न होऊन पुण्यात. मग मी त्या आगटीची कोण? सत्तावीस वर्षं मी तिथं काळे हात करून बसले होते आणि एका सांजेला मला तेच कळेनासं झालं.

मग माझ्यातली गंगाखेडची लेक जागी झाली. मी ठरवलं, त्यांनी बोलावलं तर जायचं. फार नाही, एक फोन. "वहिनी, यायलाव ना?" एवढं म्हटलं असतं तरी मी धावत सुटले असते.

पहिल्या रविवारी मी सकाळीच चटणी कुटून डबा भरून ठेवला. आंघोळीला गेले तर मोबाईल मोरीच्या कट्ट्यावर नेऊन ठेवला. दोनदा वाजला. एकदा पोरगी, एकदा मोबाईल कंपनीची कुणीतरी गोड आवाजाची. दुपारी दोनला डबा उघडून मी चटणी खिचडीवर घेतली. गल्लीत सगळ्यांकडं रविवारचा रस्सा शिजत होता, समोरच्यांच्या घरी पाहुणे आले होते, त्यांच्या चपला पायरीवरून रस्त्यावर आल्या होत्या. एका माणसाचं भरीत होत नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलंय का? एक वांगं भाजलं की ते सोलून मूठभर उरतं. त्यात कांदा किती घालायचा तेही समजत नाही. रात्री मी ते ओट्यापाशी उभ्यानंच खाल्लं.

दुसऱ्या रविवारी तर कहरच झाला. संध्याकाळी व्हॉट्सॲपवर नवऱ्याच्या मित्राच्या बायकोचं स्टेटस पाहिलं. लिंबाखालची सतरंजी, तिच्यावर तीच सगळी मंडळी, आणि माझा दीर वाकून एकाच्या ताटात दही वाढतोय. खाली लिहिलेलं, "हुरडा पार्टी, मज्जाच मज्जा." माझ्या अंगाची लाही लाही झाली. परक्यांना फोन जातात, त्यांच्या पोराटोरांना दही वाढतात, आणि ज्या बाईनं त्या आखाड्यावर हात पोळून घेतले तिला एक फोन नाही? मी तो फोटो किती वेळा उघडून पाहिला असेल, सांगायची लाज वाटते. त्यात मी माझी जागा शोधत होते. आगटीजवळ जावेच्या शेजारी कुणीच बसलेलं नव्हतं.

पोरीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आई, तूच कर ना काकांना फोन."

"मी का करू?"

"मग सरळ जा."

"बोलावल्याशिवाय?"

"आई, घर आहे ते आपलं."

"तुझ्या काकांचं आहे. तेच तर म्हणतेय मी."

"तुझ्याशी बोलण्यात काही अर्थ नाही," ती म्हणाली, आणि ते तिचं बरोबरच होतं. माझ्याशी बोलण्यात पुष्कळांना अर्थ वाटत नाही. तिसऱ्या रविवारी मी त्या रागात घरातल्या सगळ्या गोधड्या धुऊन काढल्या. संध्याकाळी त्या वाळल्या नाहीत आणि मी रात्रभर शालीत कुडकुडले. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

मग हुरडा सरला, ज्वारी निब्बर झाली, काढणी झाली. दीर धान्य घेऊन आला तेव्हा उंबऱ्यातच पोती उतरवून "घाई हाय" म्हणाला. चहा घेतला नाही. मीही आग्रह केला नाही. जावेचे फोन कमी झाले. दिवाळीत भेटलो तर दोघी एकमेकींच्या साड्यांची चौकशी करत बसलो. बायका साड्यांवर आल्या म्हणजे त्यांच्यात काय चाललंय ते समजून घ्यावं. ते वर्ष मी असं काढलं, की शाळेतून घरी यायची मला घाई नसायची आणि शाळेत थांबायला काही कारण नसायचं.

यंदाच्या थंडीत एका गुरुवारी फोन वाजला. दीर होता.

"वहिनी, नमस्कार."

नमस्कार? तीस वर्षांत त्यानं मला कधी नमस्कार घातला नव्हता. फोन उचलला की "काय करायलाव?" इथून सुरुवात.

"बोला भाऊजी."

"या आयतवारी हुरडा ठिवलाय. आवतन समजा. यावंच लागतंय."

अगदी हेच शब्द. त्या तीन मित्रांना फोन करताना तो हेच म्हणायचा, याच चालीत. मी शेजारी बसून ऐकलेलं होतं. मी "येते" म्हणाले. फोन ठेवला आणि खुर्चीवर बसून राहिले. ज्या फोनसाठी मी गोधड्या धुतल्या, तो आला होता. आणि मला लय वाईट वाटलं. इतकं, की त्या दिवशी मी स्वयंपाकच केला नाही.

रविवारी गाडीनं गेले. टेशनावर दीर मोटारसायकल घेऊन उभा. पाहुण्याला आणायला यावं तसा, धुतलेला सदरा घालून. आखाड्यावर सतरंजी, मित्रमंडळी, पोरं मोठी झालेली. "या वहिनी, या, या, इथं बसा." मला मधोमध जागा केली. जाऊ आगटीपाशी एकटीच कणसं चोळत होती. मी चटणीचा डबा तिच्यापुढं ठेवला आणि तिच्याशेजारी उकिडवी बसून एक कणीस उचललं.

"ठिवा, आक्का," ती खालच्या आवाजात म्हणाली. माझ्याकडं न बघता. "तुमी बसा तिकडं."

"अगं, एकटीनं किती करशील?"

"व्हतंय. सवय झालीय."

मी जाऊन सतरंजीवर बसले. तिनं चोळलेला पहिला हुरडा माझ्याच पुढ्यात आला. गरम, कोवळा, एकही दाणा करपलेला नाही. इतक्या वर्षांत असा हुरडा मी कधी खाल्लाच नव्हता. "गोड हाय ना?" सगळे विचारत होते, सगळे माझ्याशी किती चांगलं वागत होते! दवाखान्यात भेटायला आलेली माणसं बोलतात तसं हळू बोलत होते. मी "लय गोड," म्हणाले. जेवणं झाली, मंडळी आडवी झाली. आगटीभोवती दीर आणि जाऊ दोघंच बसले. मी सतरंजीवरून त्यांच्याकडं बघत होते. उठून जावं, जाऊन बसावं, वीस पावलंसुद्धा नव्हतं ते. पण मला उठवेना.

निघताना जावेनं पिशवी दिली. हुरडा, बोरं, आणि वर घडी घातलेला ब्लाऊजपीस. तिथं माझं डोकं फिरलं.

"हे कशाला?"

"पाहुण्याला देतेत."

"मी पाहुणी हाय का?"

"मंग काय हाव?" ती फटकन म्हणाली, आणि मग बांध फुटल्यागत सगळं बाहेर आलं. "गेल्या साली तीन आयतवार तुमच्या नावचं धपाट्याचं पीठ मळलं म्या. तीन! हे टेशनावर जाऊन गाडी बघून आले, एकदा न्हाई, तिन्ही येळेला. परत यायचे अन् म्हणायचे, पुढल्या गाडीला येतील. घरच्याला का बोलवावं लागतंय? तुमाला फोन केला असता तर दादाला काय वाटलं असतं? तुमी आलाच न्हाईत. मंग आमाला बी कळलं, तुमाला आता आवतन लागतंय. म्हणून धाडलं."

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. अगं बाई, मी तुमच्या फोनची वाट बघत बसले होते, मोरीत मोबाईल घेऊन. तेवढं म्हटलं असतं तर तिथंच सगळं मिटलं असतं, दोघी गळ्यात पडून रडलो असतो. आणि मी काय म्हणाले?

"शाळेचं काम होतं."

रविवारी शाळेचं काम! तेही लागोपाठ तीन रविवार! माझ्या वर्गातली चौथीची पोरं याच्याहून बरं खोटं बोलतात. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, म्हणतात ना, ती मी.

परतीच्या गाडीत पिशवी मांडीवर घेऊन बसले. डोळ्यांपुढून दीर हलेना. टेशनावर उभा, गाडीतून उतरणाऱ्या बायकांकडं बघत. तीन रविवार. आणि मी इकडं गोधड्या बडवत होते. मी त्यांच्या लेखी घरचीच होते म्हणून बोलावलं नव्हतं, आणि मी गेले नाही म्हणून परकी झाले. परकी त्यांनी केली नव्हती. मीच झाले होते.

पुढचा आठवडा मी मोबाईलला भ्यायले. मागच्या साली वाजेना म्हणून जीव जायचा, आता वाजतोय की काय म्हणून. दिराचा फोन आला आणि "आवतन समजा" म्हणाला, तर मी कायमची सतरंजीवर बसले. नाही आला, तर मला एक संधी होती. न बोलावता जायचं. तोंड वर करून, घरच्यासारखं. सोमवार गेला, बुधवार गेला, शनिवार संध्याकाळपर्यंत फोन आला नाही. मला इतका आनंद झाला, की मी अख्खा गड्डा लसूण सोलला. बोटं दुसऱ्या दिवशीपर्यंत चरचरत होती.

रविवारी सकाळची गाडी धरली. या वेळी टेशनावर कुणी नव्हतं, आणि ते बरोबरच होतं. वाटेनं चालताना मनात वाक्यं जुळवत होते. जाऊन म्हणेन, "काय गं, पीठ मळलंस का?" ती तोंड वाकडं करील. मी तिच्या हातातलं कणीस हिसकावून घेईन. मग शाळेच्या कामाचं खरं सांगून टाकीन. छप्पन वर्षांची बाई मी, आणि मुलगी बघायला आलेल्या मंडळींपुढं जावं तशी अवस्था.

आखाड्याला कुलूप.

मी हाक मारली. दोनदा मारली. लिंबाखाली काही नाही, आगटी गार, राखेत कुत्रं झोपलं होतं, ते माझ्याकडं बघून उठलंसुद्धा नाही. मोबाईल काढला आणि परत ठेवला. फोन करून काय म्हणू? मी आलेय, तुम्ही कुठं आहात? असं पाहुणे विचारतात. मग मी हौदाच्या कट्ट्यावर बसले. ऊन छान होतं, थंडीतलं, पाठीवर घ्यावं असं. कडेनं ज्वारी उभी, वाऱ्यानं पानं एकमेकांवर घासत होती. तिथं मला नवऱ्याची जी आठवण आली ती घरात अडीच वर्षांत आली नव्हती. घरात तो नाही याची सवय झाली होती. इथं तो नाही, हे मी पहिल्यांदाच बघत होते. मी मोठ्यानं रडले. ऐकायला कुणी नव्हतं, ही एक सोयच झाली.

रडून झाल्यावर भूक लागली. आणि भूक लागल्यावर राग आला. म्हटलं, आलेय ना? मग खाऊनच जाईन. गोवऱ्या कुठं असतात मला माहीत होतं, काडेपेटी पत्र्याच्या फटीत असते तेही माहीत होतं. आगटी पेटवली. ज्वारी बरीचशी निब्बर झाली होती, पण बांधाकडची उशिरा पेरलेली अजून कोवळी होती. पाच-सहा कणसं मोडली. भाजली, चोळली, पहिल्याच कणसाला तळहात पोळला. सवय गेली होती. एक मूठ चोळायची, एक मूठ खायची, मध्ये चटणी चाटायची. आजवर हुरडा मी दुसऱ्यासाठी चोळला होता, परवा दुसऱ्यानं माझ्यासाठी चोळला. स्वतः चोळून स्वतःच खायचा म्हणजे त्याला काही चवच लागत नव्हती. तरी खात राहिले.

"ओ बाई! कणसं कुणाला इचारून मोडायलाव?"

बांधावर एक माणूस उभा, हातात काठी. मी दचकून उभी राहिले.

"घरचीच आहे मी," मी म्हणाले.

"कोणच्या घरची?"

"याच. थोरली सून."

त्यानं मला वरून खाली पाहिलं. चष्मा, पर्स, टेशनाच्या वाटेच्या धुळीनं भरलेल्या चपला, काळे हात. "म्या शेजारचं रान बटईनं केलंय यंदा. मालक म्हणले, जरा ध्यान ठिव. तुमाला कधी पाह्यलं न्हाई इथं." मग जरा थांबून म्हणाला, "अन् घरच्या हाव, तर मालक गावाला गेलेत हे तुमाला म्हाईत न्हाई व्हय?"

तो वाईट माणूस नव्हता. जे मी वर्षभर स्वतःला विचारत होते, त्यानं बरोबर तेच विचारलं होतं.

"थांबा, इचारून घेतो," म्हणत त्यानं फोन काढला, लावला आणि लांब धरला, स्पीकरवर. घंटी वाजायला लागली. मला वाटलं पळून जावं. खरंच वाटलं, पर्स उचलावी आणि टेशनाकडं चालू लागावं, म्हणजे तिकडून काय येतंय ते ऐकायला नको. आगटीतल्या शेवटच्या कणसाचा जळका वास यायला लागला होता.

"हां, बोल रं," दिराचा आवाज. मागं लोकांचा गलका, भांड्यांचा आवाज.

"मालक, इथं एक बाई हाय तुमच्या रानात. आगटी करून बसलीय. कणसं मोडलीत. घरची हाय म्हणती."

"बाई? कसली बाई?"

"चष्मेवाली. शहरातली दिसायलीय."

तिकडं काहीतरी खुडबुड, फोन कुणीतरी ओढून घेतला, आणि जावेचा आवाज आला, हा एवढा मोठा.

"अरे, ती आमची आक्का हाय! दे, फोन दे तिच्याकडं!"

त्यानं फोन माझ्या हातात दिला. मी कानाला लावला. मला वाटलं, ती आता रुसेल, नाहीतर रडेल, नाहीतर म्हणेल कशाला आलाव, कळवायचं तरी.

"आक्का," जाऊ म्हणाली, "आमी जिंतूरला भावाच्या घरी हाव, अंधार पडंस्तोवर येणं व्हत न्हाई. तुमी गेलाव ते लय बेस झालं. म्हशीला पाणी दावा. मागल्या बाजूला बांधलीय. त्या शेजारच्या गड्याला सांगितलं व्हतं, पण त्यो म्हशीकडं फिरकला नसंल, त्याचं मला म्हाईत हाय. अन् जाताना आगटी नीट इझवा, कडबा जवळ हाय. ठिवते, इथं पंगत बसलीय."

आणि फोन बंद. या नाही, बसा नाही, जेवलात का नाही.

तो माणूस फोन घेऊन बांधापलीकडं गेला. मी मागच्या बाजूला जाऊन पाहिलं. म्हैस उभी होती, चांगली भरलेली, शिंगं हीऽऽ एवढी, माझ्याकडं मान वळवून बघत. मला म्हशींची भीती वाटते. लग्न झाल्यापासून वाटते, आणि ते जावेला पक्कं माहीत आहे. तरी तिनं मलाच सांगितलं. मी पदर खोचला, हौदातून बादली भरून घेतली आणि रडत रडत म्हशीकडं गेले.